कर्बाच्या सूक्ष्म नळ्या व त्यांचा प्रकाश

कोणत्याहि पदार्थाचे गुण तो कशाचा बनला आहे यावर अवलंबून असतात, हें आमच्या शाळेच्या खालच्या वर्गांतला विद्यार्थीहि सांगूं शकेल. परंतु तितकेंच महत्त्वाचें दुसरें एक तत्त्व आहे, त्याकडे बहुधा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें हें कीं, पदार्थाचे कण सुटे आहेत कीं एकमेकांस चिकटून बसले आहेत, यावरहि त्याचे गुण अवलंबून असतात. द्रव्य तेंच, वजन तेंच, भांडेंहि तेंच. परंतु कण सुटे असतां जो गुण दिसतो, तो ते एकत्र मिळतांच नाहींसा होतो, किंवा त्याच्या जागीं दुसराच दिसूं लागतो. या लेखांत आम्ही या तत्त्वाचें एक मनोरंजक उदाहरण वाचकांपुढें मांडणार आहों. तें उदाहरण म्हणजे पाण्यांत मिसळलेल्या कर्बाच्या अतिसूक्ष्म नळ्या. शास्त्रज्ञ त्यांस कार्बन नॅनोट्यूब म्हणतात.

आरंभ घरांतल्या वस्तूपासून करूं. दिव्याची चिमूटभर काजळी स्वच्छ पाण्यांत टाकली तर ती पाण्याशीं मिसळत नाहीं. ती वर तरंगते, भांड्याच्या कडेस चिकटते, आणि ढवळून बुडविली तरी थोड्याच वेळांत तिच्या गुठळ्या होतात. तीच काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत पुष्कळ वेळ खलली म्हणजे तिची काळीभोर शाई होते. आपल्या पूर्वजांनीं बोरूनें ज्या पोथ्या व जें दप्तर लिहिलें, त्यांस अशीच काजळीची शाई वापरीत. येथें डिंकानें केलें काय? त्यानें काजळी विरघळविली नाहीं, कारण काजळी पाण्यांत विरघळतच नाहीं. त्यानें प्रत्येक कणाभोंवतीं आपलें वेष्टण घातलें, व एका कणास दुसऱ्याशीं भिडूं दिलें नाहीं, इतकेंच.

कण सुटे असण्याचा प्रकाशाशीं केवढा संबंध आहे, हें मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाच्या एका प्रयोगावरून चांगलें दिसतें. त्यानें पाण्यांत सोन्याचे इतके बारीक कण तयार केले कीं, तें पाणी माणकासारखें तांबडें दिसे. त्या तांबड्या पाण्यांत थोडें मीठ पडलें कीं त्याचा रंग पालटून निळसर होई. हे प्रयोग १८५७ सालीं प्रसिद्ध झाले. मिठानें सोन्याचा एकहि कण नाहींसा केला नव्हता. कणांवर एकाच जातीचा विद्युत्भार असल्यामुळें ते एकमेकांस दूर लोटीत होते. मिठामुळें ती लोटण्याची शक्ति लुळी पडली, कण एकत्र आले, आणि कण एकत्र येतांच प्रकाशाशीं त्यांचें वागणें पालटलें. कर्बाच्या नळ्यांत प्रकाशाचें कार्य निराळ्या रीतीनें चालतें. परंतु सुटे व एकत्रित कण यांतील भेद तेथेंहि असाच प्रत्ययास येतो.

आतां या नळ्या म्हणजे काय तें पाहूं. शिसपेन्सिलींतील शिसें हें खरें शिसें नव्हे. तो ग्राफाइट नांवाचा कर्बाचा एक प्रकार आहे. त्याची रचना कागदांच्या थप्पीसारखी असते. त्यांतील प्रत्येक थर म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरांची जाळी असून, तिच्या प्रत्येक कोंपऱ्यावर कर्बाचा एक अणु असतो. अशा एकाच थराची चटईप्रमाणें सुरळी केली आहे व तिच्या दोन्ही कडा सांधून टाकल्या आहेत, अशी कल्पना करावी. ती सुरळी म्हणजेच कर्बाची नळी. १९९१ सालीं जपानांतील सुमिओ इजिमा यांनीं एकींत एक बसलेल्या अशा अनेक नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. आणि १९९३ सालीं एकेरी भिंतीच्या नळ्या जपानांत व अमेरिकेंत स्वतंत्रपणें तयार झाल्याचें जाहीर झालें. या लेखांत आम्ही मुख्यत्वें एकेरी नळ्यांविषयींच बोलत आहों.

अशा नळीची जाडी सुमारें १ नॅनोमीटर असते. एका मीटरचे शंभर कोटि भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. मनुष्याच्या डोक्याचा केंस सुमारें ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केंसाच्या रुंदींत अशा ८० हजार नळ्या शेजारीं शेजारीं मावतील. नळीची लांबी मात्र तिच्या जाडीच्या शेंकडों, कधीं हजारों पट असते.

चटई सरळ गुंडाळतां येते, तशीच ती कमीअधिक तिरपीहि गुंडाळतां येते. नळ्यांचेंहि तसेंच आहे. जाळी किती तिरपी गुंडाळली गेली व नळी किती जाड झाली, यावरून नळ्यांच्या अनेक जाति होतात. त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश जाति धातूप्रमाणें वागतात, म्हणजे त्यांतून वीज सहज वाहते. बाकीच्या दोनतृतीयांश अर्धवाहक असतात. अर्धवाहक नळीचा एक विशेष गुण असा कीं, ती ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेते, आणि त्या शक्तीचा कांहीं अंश अधिक लांब तरंगांच्या प्रकाशाच्या रूपानें परत बाहेर टाकते. याला प्रतिदीप्ति म्हणतात. उदाहरणार्थ, शास्त्रज्ञ जिला '६,५' असें नांव देतात ती नळी सुमारें ०.७६ नॅनोमीटर जाड असते. ती सुमारें ५७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळसर हिरवा, प्रकाश शोषिते, आणि सुमारें ९८० नॅनोमीटरचा प्रकाश देते. आपला डोळा ७०० नॅनोमीटरच्या फारसा पलीकडे पाहूं शकत नाहीं. त्यामुळें हा प्रकाश आपणांस दिसत नाहीं. त्यासाठीं निराळीं ग्राहक यंत्रें लागतात.

अशा प्रकाशमान नळ्या १९९३ सालापासून हातीं असतां, त्यांची प्रतिदीप्ति २००२ सालापर्यंत कोणास स्पष्ट दिसली नाहीं, ही गोष्ट प्रथम आश्चर्याची वाटेल. त्याचें कारण असें कीं, या नळ्या एकट्या राहतच नाहींत. बाजारांतील शेपूची किंवा मेथीची जुडी जशी असते, तशा त्या एकमेकींस समांतर चिकटून त्यांच्या जुड्या बनतात. त्यांस जवळ ओढणारें आकर्षण व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखिलें जातें. दोन अणूंमधील हें आकर्षण अगदीं क्षीण असतें; परंतु नळ्यांचा स्पर्श लांबवर होत असल्यामुळें त्याची बेरीज प्रचंड होते. हिशेब करून पाहूं. पाण्याचे रेणु उष्णतेमुळें सतत हालत असतात व प्रत्येक वस्तूस धक्के देत असतात. साधारण उष्णमानांत अशा धक्क्याची जी सर्वसाधारण शक्ति, तिच्या सुमारें २० पट शक्ति दोन नळ्यांचा केवळ १ नॅनोमीटर लांबीचा स्पर्श सोडविण्यास लागते. मग स्पर्श ५०० नॅनोमीटरचा असेल तर ती सुमारें १० हजार पट झाली. एकदां चिकटलेल्या नळ्या आपोआप कां सुटत नाहींत, हें यावरून स्पष्ट होईल.

अमेरिकेंत ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठांत रिचर्ड स्मॉली, ब्रूस वाइसमन व त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं ही अडचण दूर केली. त्यांनीं नळ्या पाण्यांत घालून त्यांत साबणासारखा एक पदार्थ मिसळला. त्याचें नांव सोडियम डोडेसिल सल्फेट. दांत घांसण्याच्या व केंस धुण्याच्या पुष्कळ पदार्थांत हाच असतो. मग कानास ऐकूं न येणाऱ्या अति उच्च ध्वनिलहरी त्या पाण्यांत सोडल्या. त्यांच्या जोरानें जुड्यांचीं टोंकें उकलूं लागतात, व उकललेल्या भागावर साबणाचे रेणु ताबडतोब चढून बसतात. त्या रेणूंवर विद्युत्भार असल्यामुळें वेष्टिलेल्या नळ्या एकमेकींस दूर लोटतात. तरीहि कांहीं जुड्या शिल्लक राहतातच. त्या काढून टाकण्यासाठीं, दुधांतून साय वेगळी करणाऱ्या यंत्राच्या तत्त्वावरच चालणाऱ्या, पण त्याहून अत्यंत वेगवान अशा यंत्रांत तें पाणी चार तास फिरविलें. त्यांतील जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें १ लक्ष २२ हजार पट होता. जुड्या अधिक घन म्हणून त्या तळाशीं बसल्या. साबणाचें हलकें वेष्टण ल्यालेल्या सुट्या नळ्या वर राहिल्या. वरचें पाणी काढून त्यावर प्रकाश टाकतांच ८०० पासून १६०० नॅनोमीटरपर्यंतच्या पट्ट्यांत नळ्यांची प्रतिदीप्ति दिसून आली. ती फार मंद होती. शोषलेल्या सुमारें हजार प्रकाशकणांमागें एकच परत येत होता. परंतु ती निःसंशय होती.

साबणाचें काम दुसरेहि पदार्थ करितात. पित्तापासून मिळणारे क्षार या कामीं फार उपयोगी ठरले आहेत. २००२ सालींच इस्रायलांतील बेन गुरिओन विद्यापीठांतील संशोधकांनीं बाभळीच्या कुळांतील झाडांचा डिंक, ज्यास व्यापारांत अरबी डिंक म्हणतात, तो वापरून नळ्या पाण्यांत सुट्या ठेवून दाखविल्या. आपल्या शाईंत जें डिंक काजळीसाठीं करीत होता, तेंच येथें त्यानें नळ्यांसाठीं केलें.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, या सुट्या नळ्या पुन्हां एकत्र आल्या म्हणजे काय होतें? पाण्यांत मीठ फार झालें, किंवा साबणाचें प्रमाण उणें पडलें, कीं जुड्या पुन्हां बनूं लागतात. त्या वेळीं तीन फरक घडतात.

पहिला फरक म्हणजे प्रतिदीप्ति मावळते. याचें कारण एका दृष्टांतानें सांगूं. पाण्यानें भरलेले सात रांजण वेगवेगळे ठेवले आहेत व त्यांतील दोन फुटके आहेत, असें समजा. फुटक्यांतलें पाणी जाईल. बाकीच्या पांचांतलें राहील. परंतु तेच सात रांजण तळाशीं नळानें एकमेकांस जोडले, तर फुटक्यांतून साऱ्यांचेंच पाणी निघून जाईल. धातुसदृश नळी ही अशा फुटक्या रांजणासारखी आहे. तिच्या ठायीं आलेली प्रकाशशक्ति उष्णतेच्या रूपानें तत्काळ निघून जाते. अर्धवाहक नळी एकटी असतां आपली शक्ति प्रकाशरूपानें देऊं शकते. पण शेजारीं धातुसदृश नळी चिकटली म्हणजे ती शक्ति प्रकाश होण्यापूर्वींच शेजारणीकडे जाते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक गणित करून पाहावें. तीन नळ्यांमागें एक धातुसदृश धरिली, तर मध्यें एक व भोंवतीं सहा अशा सात नळ्यांच्या जुडींत एकहि धातुसदृश नळी नसण्याचा संभव किती? दोनतृतीयांश ही संख्या सात वेळां मांडून गुणावी. उत्तर शंभरांत सुमारें सहा येतें. म्हणजे इतक्या लहान जुडींतहि प्रकाश वांचण्याची आशा थोडीच. शिवाय जुडींत सर्व नळ्या अर्धवाहक असल्या, तरी शक्ति एकीकडून दुसरीकडे जातच असते, व बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट बदलतो.

दुसरा फरक शोषणांत दिसतो. सुट्या नळ्यांच्या पाण्याचा वर्णपट घेतला तर त्यांत अनेक अरुंद शिखरें दिसतात. प्रत्येक शिखर म्हणजे नळीच्या एखाद्या जातीची जणूं सही होय. जुड्या बनल्या कीं प्रत्येक नळीतील विद्युत्कणांवर शेजारणींचा परिणाम होतो. मग तीं शिखरें रुंद होतात, एकमेकांत मिसळतात, आणि तांबड्या बाजूकडे, म्हणजे अधिक लांब तरंगांकडे, थोडीं सरकतात.

तिसरा फरक केवळ आकारामुळें होतो. जुड्यांच्या मोठ्या गुठळ्या झाल्या म्हणजे आंतील नळ्या बाहेरच्या नळ्यांच्या सावलींत पडतात, आणि गुठळ्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यांतून प्रकाश निर्वेध पार होतो. शोषण त्यामुळें घटतें, आणि गुठळ्यांवर आदळून इकडे तिकडे विखुरणारा प्रकाश मात्र वाढतो. शेवटीं गुठळ्या तळाशीं बसतात.

या तीन फरकांचें व्यावहारिक महत्त्व फार आहे. आमच्या प्रयोगशाळेंत बीअरचा नियम शिकविला जातो. द्रवांत रंगद्रव्य जितकें अधिक, तितकें शोषण अधिक. म्हणून शोषण मोजून द्रव्याचें प्रमाण काढतां येतें. परंतु या नियमाच्या पोटीं एक अट दडलेली आहे. प्रत्येक कणानें स्वतंत्रपणें, शेजाऱ्याची पर्वा न करितां, प्रकाश शोषिला पाहिजे. दोन बाटल्यांत अगदीं सारख्या वजनाच्या नळ्या आहेत. एकींत त्या सुट्या, दुसरींत जुड्यांच्या रूपानें. डोळ्यांस दोन्ही बाटल्या सारख्याच काळ्या दिसतील. यंत्र मात्र दोहोंचें शोषण निराळें दाखवील. जो मनुष्य हा भेद जाणत नाहीं, तो दुसऱ्या बाटलींत नळ्या कमी आहेत असें लिहून मोकळा होईल. त्याचें यंत्र खोटें बोललें नाहीं. त्यानें प्रश्नच अपुरा विचारला.

याच्या उलट चूक होण्याचाहि संभव आहे. प्रतिदीप्ति मावळली कीं जुड्याच झाल्या, असें मानणें घाईचें होईल. साबणानें वेष्टिलेल्या नळ्यांच्या पाण्यांत थोडें आम्ल घातलें तरी प्रकाश मावळतो, नळ्या सुट्याच असल्या तरी! परंतु तेथें शोषणाचीं शिखरें फिकीं होतात, तांबड्याकडे सरकत नाहींत. आणि आम्ल मारण्यापुरता अल्कली घातला कीं प्रकाश परत येतो. जुड्या मात्र अल्कली घातल्यानें सुटत नाहींत. एका लक्षणावरून निदान न करितां दुसरें लक्षण ताडून पाहावें, हा वैद्याचा नियम येथेंहि लागू आहे.

असें ताडून पाहण्याचें एक उत्तम साधन आपल्या देशांत लागलेल्या शोधांतून मिळालें आहे. १९२८ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्ता येथें असें दाखविलें कीं, पदार्थांतून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्प अंश आपली तरंगलांबी बदलून येतो, व त्या बदलावरून रेणूंचीं कंपनें ओळखतां येतात. कर्बाची नळी छाती फुगवून सोडल्याप्रमाणें आंत बाहेर कंप पावते. त्या कंपनाची रेषा रामन वर्णपटांत मिळते, व तिजवरून नळीची जाडी समजते. ह्यूस्टनच्या पद्धतीनें केलेल्या नळ्यांवर ७८५ नॅनोमीटरचा लेसर प्रकाश टाकला असतां, त्यांतील एक ठराविक रेषा नळ्या सुट्या असतां क्षीण असते व जुड्या होतांच प्रखर होते. शोषणाचें शिखर सरकून लेसरच्या तरंगलांबीजवळ आल्याचा हा परिणाम होय. म्हणून ती रेषा जुड्यांची खूण म्हणून वापरतात.

इतकी चिकित्सा कशासाठीं, असें पालकवर्गांतून कोणी विचारील. तर या नळ्यांचा प्रकाश ज्या पट्ट्यांत पडतो, त्यांतील बऱ्याच भागांतला प्रकाश रक्तमांसांतून दृश्य प्रकाशापेक्षां अधिक खोल जातो. म्हणून शरीरांतील किंवा पाण्यांतील एखाद्या द्रव्याचा सुगावा लावण्यासाठीं त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न चालले आहेत. २०१६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील संशोधकांनीं पालकाच्या पानांत अशा नळ्या घातल्या. स्फोटक जातीचें एक द्रव्य मिसळलेलें पाणी मुळांवाटे पानांत चढलें, तेव्हां तेथील नळ्यांचा प्रकाश मंद झाला. त्याच पानांत त्यांनीं दुसऱ्याहि नळ्या ठेविल्या होत्या, ज्यांवर त्या द्रव्याचा परिणाम होत नसे. एकींचा प्रकाश घटला व दुसरींचा तसाच राहिला, म्हणजेच बदल द्रव्यामुळें झाला असें म्हणतां येतें. नाहींतर प्रकाश द्रव्यामुळें गेला कीं नळ्या गोळा झाल्यामुळें गेला, हें कोण सांगणार?

आरोग्याच्या दृष्टीनेंहि हा प्रश्न महत्त्वाचा आहे. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, अनेक भिंतींच्या लांब व सरळ नळ्यांनीं ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह उत्पन्न केला. आंखूड व गुंतून गोळा झालेल्या नळ्यांनीं तसा केला नाहीं. म्हणून पाण्यांत किती नळ्या आहेत एवढेंच सांगून भागत नाहीं. त्या कोणत्या स्थितींत आहेत हेंहि सांगावें लागतें.

शेवटीं एक आनंदाची गोष्ट सांगतों. नळ्यांचें पाणी काळें दिसतें याचें कारण त्यांत अनेक जाति मिसळलेल्या असतात, व प्रत्येक जाति निराळा रंग शोषून घेते. २००६ सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत पित्तक्षारांनीं सुट्या केलेल्या नळ्या त्यांच्या घनतेप्रमाणें एकाच नळकांड्यांत थरांथरांनीं वेगळ्या करण्यांत आल्या. तेव्हां त्या काळ्या पाण्यांतून निरनिराळ्या रंगांचे पट्टे निघाले. '६,५' जातीच्या नळ्या शुद्ध स्वरूपांत जांभळ्या दिसतात. हे रंग त्या काळ्या पाण्यांत आरंभापासूनच होते. ते दिसण्यास नळ्या प्रथम एकमेकींपासून सोडवाव्या लागल्या, व मग जातवार निवडाव्या लागल्या.

आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत कोणतेंहि मापन करितांना ही गोष्ट स्मरणांत ठेवावी. द्रव्य किती आहे, हा पहिला प्रश्न. तें कोणत्या स्थितींत आहे, हा दुसरा. आपल्या वहींत या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें लिहिण्याची संवय आतांपासून लावून घेतली, तर पुढें मोठ्या कामांत तिचा उपयोग होईल.